वेल आवरता आला पाहिजे

चि. बाळ आणि सौ. सूनबाई,

गेल्या रविवारी ओट्यावर बसून तुम्ही दोघांनी मांडलेला बेत मी नीट ऐकला. पुण्याच्या नोकऱ्या सोडायच्या, वडिलोपार्जित चार एकरांत राहायला यायचं, दोन एकर वाइनची द्राक्षं, एक एकर लॅव्हेंडर, मधोमध छोटं घर आणि पाहुण्यांसाठी दोन खोल्या. मी चहा संपवला आणि ‘बघू’ म्हणालो. सूनबाईंचा चेहरा उतरला, ते दिसलं मला. पण त्या ‘बघू’त नकार नव्हता. दिंडोरी तालुक्यात चाळीस वर्षं द्राक्षबाग केलेला माणूस छाटणीच्या आधी वेलाभोवती दोन फेऱ्या मारतो, तशाच फेऱ्या मी तुमच्या बेताभोवती मारल्या. आता लिहून देतोय. बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं ऐनवेळी उघडून बघता येतं.

सार आधीच सांगतो. खाण्याच्या द्राक्षानं मला ‘अजून’ म्हणायला शिकवलं. मणी अजून फुगला पाहिजे, एकरी अजून दोन टन निघाले पाहिजेत. वाइनच्या द्राक्षानं ‘पुरे’ म्हणायला शिकवलं. वाढू बघणारा वेल आवरायचा, हीच ती शेती. आणि वेल आवरायचा तर आधी स्वतःला आवरावं लागतं.

आधी दार, मग बाग

टेबल द्राक्षाला, म्हणजे खाण्याच्या द्राक्षाला, चार दारं असतात. युरोपचा कंटेनर हुकला तर बांगलादेशचा व्यापारी बघता येतो, तो गेला तर स्थानिक बाजार, आणि अगदीच पडत्या काळात बेदाणा. वाइनच्या द्राक्षाला एकच दार, वायनरीचं. मणी हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा, साल जाड, आत बिया. बाजारात नेलं तर गिऱ्हाईक एक मणी तोंडात टाकतं आणि पुढं जातं.

हे मी पैसे मोजून शिकलो. १९९९ मध्ये नाशिकजवळ गंगापूरला सुला वायनरीची सुरुवात झाली. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क ठरले. आमच्या भागात वारं फिरलं. मीही एक एकर कॅबरनेट लावलं. एका वाइन कंपनीचा माणूस बागेत यायचा, घरी जेवायचा, ‘काका, काळजी करू नका’ म्हणायचा. मी कागद मागितला नाही. मागणं मला अपमानाचं वाटलं. पुढं २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, त्यातच जगभर मंदी होती. वाइनचा खप खाली आला. २०१० च्या फेब्रुवारीत माझा माल २४ ब्रिक्सला, म्हणजे पुरेशी साखर भरून, तयार होता आणि त्या माणसाचा फोन लागत नव्हता. मणी वेलावर सुकत गेले, बुलबुल आणि साळुंक्यांनी उरलेले संपवले. एप्रिलमध्ये मी त्या एकरावर कुऱ्हाड चालवली. तुझी काकू दिवसभर बागेकडं फिरकली नाही.

म्हणून पहिला कानमंत्र. रोप आणायच्या आधी करार आणा, आणि तो लेखी, स्टॅम्प पेपरवर. त्यात या गोष्टी असल्याच पाहिजेत: कोणती जात आणि किती वर्षांसाठी, भाव किती आणि किती ब्रिक्सला किती, तोडणीची तारीख कोण ठरवणार, वजन कुठल्या काट्यावर होणार, गाडीभाडं कुणाचं, पैसे किती दिवसांत, आणि पाऊस पडून साखर दोन अंशांनी कमी राहिली तर माल घेणार की नाही. शेवटचं कलम बहुतेक करारांत नसतं आणि भांडण तिथंच होतं. जातही तुम्ही आवडीनं निवडू नका. वायनरीत जाऊन वाइनमेकरला भेटा, पुढच्या पाच वर्षांत तुम्हाला कशाची कमी पडणार आहे ते विचारा. तो शिराज म्हणाला तर शिराज, चेनिन ब्लाँ म्हणाला तर चेनिन ब्लाँ.

जमिनीला विचारा

आपल्या चार एकरांत दोन जमिनी आहेत. ओढ्याकडची काळी कसदार आणि टेकडीच्या पायथ्याची मुरमाड. तुझ्या आजोबांनी मुरमाड तुकड्याला कायम नावं ठेवली, कारण बाजरीसुद्धा तिथं गुडघ्याएवढीच व्हायची. वाइनच्या वेलाला तीच द्या. काळ्या जमिनीत वेल माजतो, पानांचं रान होतं, सावलीत घड फिकट राहतात आणि पावसाळ्यात मुळं पाण्यात उभी राहतात.

एप्रिलमध्ये त्या तुकड्यात तीन ठिकाणी तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डे घ्या. कडेच्या भिंतीकडं बघा. माती कुठं संपते, मुरूम कुठं सुरू होतो, मध्ये पांढरे खडे आहेत का. मग संध्याकाळी खड्डा पाण्यानं भरा. सकाळी पाणी गेलेलं असेल तर जमीन निचऱ्याची. दुसऱ्या दिवशी दुपारीही डबकं दिसलं तर तिथं वेल लावू नका. पांढऱ्या खड्यांच्या मातीवर सौम्य आम्लाचे दोन थेंब टाका. फसफसली तर चुनखडी आहे, आणि चुनखडीत वेलाला लोह मिळत नाही. पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. माती आणि विहिरीचं पाणी दोन्ही तपासून घ्या. पाण्यातल्या क्षारांचा आकडा बघितल्याशिवाय रूटस्टॉक, म्हणजे ज्यावर कलम करायचं ते मुळाचं झाड, ठरवू नका. तुम्ही पुण्यातच आहात, मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तपासणीचे कागद घेऊन एक दिवस तिथं जा आणि त्यांचा सल्ला घ्या.

आमच्या टेबल द्राक्षाच्या बागा बहुतेक डॉग्रिजवर उभ्या आहेत. ती मुळं खारं पाणी आणि दुष्काळ सोसतात, पण वर वेलाला फार जोर देतात. वाइनच्या बागेला तेवढा जोर नको असतो, म्हणून तिथं 110-आर बरा. ओळी दक्षिणोत्तर धरा, म्हणजे सकाळचं ऊन एका अंगाला आणि दुपारचं दुसऱ्या अंगाला मिळतं. पुढं घडांजवळची पानं काढायची वेळ आली की पूर्वेची काढा, पश्चिमेची ठेवा. आपल्याकडचं फेब्रुवारीतलं दुपारचं ऊन मणी भाजून काढतं.

सूनबाई, लॅव्हेंडरबद्दल

तुम्ही दाखवलेला फोटो सुंदर होता. फ्रान्सच्या दक्षिणेला, प्रोव्हान्स भागात, जांभळ्या ओळी आणि पलीकडं द्राक्षाचे वेल. ही जोडी तिथं उगाच जमलेली नाही. दोन्ही झाडांना हलकी, दगडगोट्यांची, निचऱ्याची जमीन आवडते, आणि भरपूर ऊन. तिथं पाऊस मुख्यतः थंडीकडच्या महिन्यांत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो.

आपल्याकडं बरोबर उलटं आहे, आणि सगळी मेख तिथंच आहे. द्राक्षाचा वेल थंड देशांत हिवाळाभर पानं गाळून झोपतो. आपल्या नाशिकला तो झोपत नाही. म्हणून आपल्या आधीच्या पिढ्यांनी कात्रीनं त्याचं वर्ष बदलून घेतलं. तिथं वेल उन्हाळ्यात फळतो, आपण तो थंडीत फळवतो. वेल समजूतदार निघाला, त्यानं आपलं ऐकलं. लॅव्हेंडर ऐकत नाही. त्याला खरी थंडी लागते आणि फुलोरा येतो जून-जुलैत. त्याच महिन्यांत आपल्याकडं ढग जमिनीला टेकलेले असतात.

आपल्या देशात लॅव्हेंडरचं घर जम्मूच्या डोडा जिल्ह्यात, भद्रवाहला आहे. तिथं थंडीत बर्फ पडतं. जम्मूच्या सीएसआयआरच्या संस्थेनं अरोमा मिशनमधून तिथल्या शेतकऱ्यांना रोपं दिली, तेल काढायची सोय करून दिली, आणि मका करणाऱ्या घरांनी मका सोडून लॅव्हेंडर धरलं. एकदा लावलेलं झाड दहा-पंधरा वर्षं फुलतं. त्यांनी आपल्या डोंगराला साजेसं पीक निवडलं. आपण त्यांच्याकडून घ्यायचं ते हे निवडणं, ते रोप नव्हे.

तुमच्या काकूला मी चार वर्षांपूर्वी सहा रोपं आणून दिली होती. फेब्रुवारीत हात फिरवला की बोटांना वास यायचा. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात बुंधे काळे पडले, ओढलं की मुळासकट हातात आली. सहातलं एक वाचलं, ते पडवीत कुंडीत होतं म्हणून. तुम्हीही कुंड्या ठेवा. दारात दहा कुंड्या असू द्या, मन प्रसन्न राहील. पण एकरभर लावू नका. रोपं विकणारा ‘आम्हीच तेल विकत घेऊ’ असं म्हणाला, तर त्यानं मागच्या वर्षी विकत घेतलेल्या तेलाच्या पावत्या बघायला मागा आणि त्या शेतकऱ्याच्या बांधावर स्वतः जाऊन या.

सुगंधाचीच ओढ असेल तर आपल्या हवेतली झाडं आहेत. बांधावर गवती चहा लावा, तो मेहनत मागत नाही. ओढ्याच्या कडेला वाळा लावा, त्याची मुळं माती धरून ठेवतात आणि उन्हाळ्यात माठात टाकायला घरचा वाळा मिळतो. पिकाचं गणित करायचं तर जिरेनियम. आपल्या राज्यात अनेक शेतकरी तो करतात. एकरी दहा हजारांच्या आसपास रोपं बसतात, चार महिन्यांनी पहिली कापणी येते, मग दर तीन-चार महिन्यांनी. पण आकडा लक्षात ठेवा: टनभर पाल्यातून तेल निघतं ते साधारण एक किलो. म्हणजे भट्टी जवळ हवी, जळण हवं, आणि तेल घेणारा आधी ठरलेला हवा. पावसात पाणी साचलं तर हेही मर लागून जातं, म्हणून उंच बोदावरच लावा. पहिल्या वर्षी पाच गुंठे. भट्टी विकत घेऊ नका, शेजारच्याच्या भट्टीवर भाड्यानं तेल काढा.

एकच एकर

दोन एकरांचा बेत एकावर आणा. मांडव, तारा, अँगल, ठिबक, रोपं, कलमं मिळून पहिल्याच वर्षी लाखांत पैसा जमिनीत जातो आणि परत यायला वेळ लावतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये रूटस्टॉक लावलात तर ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावर कलम भरायचं. पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत रिकट घ्यायचा, म्हणजे कलम खाली छाटायचं, उन्हाळ्यात खोड आणि ओलांडे तयार करायचे, त्या सप्टेंबरात पहिली फळछाटणी. म्हणजे पहिला माल हाती यायला दोन वर्षं जातात आणि बाग भरात यायला आणखी एक. तेवढे दिवस दोघांपैकी एकाचा पगार चालू राहू द्या. यात कमीपणा नाही. आपल्या भागात ज्या बागा टिकल्या त्यांतल्या कितीतरी मास्तरणीच्या नाहीतर पोस्टातल्या नोकरीच्या पगारावर टिकल्या.

उरलेल्या तीन एकरांत टोमॅटो, कांदा, थोडा गहू आणि दोन गाईंपुरता घास. गाई दुधासाठी कमी, शेणासाठी जास्त. आणि वर्षाचा घरखर्च बँकेत बाजूला ठेवा, त्याला कोणत्याही कारणानं हात लावू नका. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात गारपीट झाली तेव्हा तोडणीला आलेल्या बागा अर्ध्या तासात भुईसपाट झाल्या. फळपीक विमा काढाच, पण विम्याचे पैसे वेळेवर येतील हे धरून घर चालवू नका.

कमी माल, चांगला माल

टेबल द्राक्षात आम्ही मणी फुगवणाऱ्या जीएच्या (जिबरेलिक आम्लाच्या) द्रावणात घड बुडवतो, मणी विरळतो, फुगवणीला पाणी देतो. हे सगळं तुम्ही माझ्याकडं बघितलंय. वाइनच्या बागेत ते विसरा. वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीत असतो. मणी मोठा झाला की आतला रस वाढतो, साल तेवढीच राहते आणि वाइन पातळ होते. म्हणून मणी लहानच हवा.

आठ बाय चार फुटांवर लावलंत तर एकरात साडेतेराशेच्या आसपास वेल बसतात. वेलामागं तीन किलो धरलं तर एकरी चार टन. त्या वेलाला सहा किलोही धरता येतात, आणि पहिल्याच वर्षी तुम्हाला तो मोह होईल. मलाही झाला होता. पण सहा किलोवाल्या वेलाची साखर चढत नाही, रंग भरत नाही आणि पुढच्या वर्षीची काडी बारीक निघते. फुलोऱ्याच्या आधी घड मोजा आणि जादा काढून टाका. जमिनीवर पडलेले घड बघून जीव तुटतो. तुटू द्या.

पाण्याचंही तसंच. मणी सेट होईपर्यंत कमतरता नको. मण्यात पाणी उतरायला लागलं, लाल जातीत रंग चढायला लागला की ठिबकची वेळ कमी करत न्या. दुपारी शेंडे किंचित मलूल दिसले आणि संध्याकाळी सावरले, तर ताण बरोबर आहे. सकाळीही मलूल दिसले तर तुम्ही हात जास्तच आखडलाय.

दोन छाटण्या, एक पीक

आपल्याकडं वेलाला वर्षात दोनदा कात्री लागते. एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी. नवखे लोक गोडी छाटणीला जीव लावतात, कारण माल तिच्यातून येतो. खरं पीक एप्रिलमध्ये ठरतं. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत नव्या काडीच्या डोळ्यात पुढच्या घडाचं बीज धरतं. ते डोळ्यांना दिसत नाही. त्या काळात काडीला ऊन मिळालं पाहिजे, म्हणून विरळणी वेळेवर करा, वांझफुटी काढा, शेंडा मारा. नत्र आणि पाणी हात राखून द्या. हे चुकलं तर ऑक्टोबरात फूट जोमदार येते, पण घडाच्या जागी नुसती बाळी दिसते. घड जिरले म्हणतात ते हेच. तेव्हा कोणतीही फवारणी कामाची नसते, चूक पाच महिन्यांपूर्वी झालेली असते.

काडी हातात घेऊन बघायला शिका. पेन्सिलीएवढी जाडी, रंग खाकी, वाकवली तर कडक, टोकाकडून कापली तर आतला गाभा लहान आणि तपकिरी. अशा काडीवर डोळे ठेवायचे. हिरवट, पोचट, मोठ्या गाभ्याची काडी कितीही लांब असली तरी सोडून द्या.

गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात. हे विष आहे. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, चष्मा. आणि जो माणूस पेस्टिंग करणार त्यानं आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि पुढं काही दिवस दारूचा थेंब घ्यायचा नाही, वाइनचासुद्धा नाही. शरीरात दोन्ही एकत्र आली की माणूस लालबुंद होतो, छाती धडधडते, शुद्ध जाते. हे मजुरांना दर वर्षी नव्यानं सांगायचं, मागच्या वर्षी सांगितलं होतं असं म्हणायचं नाही.

मोरचूद आणि चुना

बोर्डो मिश्रण हे नावच फ्रान्समधल्या वाइनच्या गावाचं. १८८५ च्या सुमारास तिथल्या द्राक्षबागांतच ते केवडा रोगावरचा उपाय म्हणून पुढं आलं. आज बाजारात शंभर बाटल्या आहेत, तरी छाटणीनंतर खोड-ओलांडे धुवायला मी अजून हेच वापरतो. ते करायची रीत पाठ करा.

एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. भांडी प्लॅस्टिकची, लोखंड नको. एका पिंपात पन्नास लिटर पाण्यात मोरचूद रात्रभर भिजवा, दुसऱ्यात चुना विझवून निवळी पन्नास लिटर करा, गाळून घ्या. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओता आणि काठीनं ढवळत राहा. आकाशासारखा निळा रंग येतो. आता घासलेला विळा त्यात मिनिटभर बुडवून बाहेर काढा. पात्यावर तांबूस थर दिसला तर तांबं मोकळं आहे, ते पान जाळेल. थोडी निवळी अजून घाला आणि पुन्हा विळा बुडवा. पातं कोरं निघालं की मिश्रण तयार. हे त्याच दिवशी संपवायचं, उद्यावर ठेवायचं नाही.

केवड्याची खरी भीती कोवळ्या फुटीला असते. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस थांबलाच नाही, तेव्हा पोंग्यातल्या आणि फुलोऱ्यातल्या बागा डोळ्यांसमोर गेल्या. पानाच्या वर तेलकट पिवळा ठिपका आणि उलट्या बाजूला पांढरी लव दिसली तर तासाचाही उशीर नको. डिसेंबर-जानेवारीत थंडी सुरू झाली की भुरी येते, तिला गंधक चालतं. पण तोडणी जवळ आली की गंधक बंद करा. ते मण्यावर राहिलं तर वाइन आंबताना सडक्या अंड्यासारखा वास सुटतो आणि वायनरी टाकी कुणाच्या मालानं बिघडली ते शोधून काढते. कोणतं औषध, किती, कोणत्या तारखेला, हे फवारणीच्याच दिवशी वहीत लिहा.

तोडणीची वेळ

ब्रिक्समीटर घ्या. ओळीच्या दोन्ही अंगांचे, घडाच्या वरचे, मधले, खालचे असे शंभर मणी गोळा करा, एकत्र चुरगळा, रसाचा थेंब काचेवर ठेवून उजेडाकडं बघा. पांढऱ्या जातीला २१-२२ आणि लालला २३-२४ बरं. पण आकड्यावर थांबू नका, वायनरी आम्लही बघते.

आणि खाऊन बघा. मणी तोंडात घ्या, रस गिळा, बी दातांखाली फोडा. हिरवी, चिकट, कडू लागली तर अजून वेळ आहे. तपकिरी झालेली बी भाजलेल्या दाण्यासारखी कुडकुडते. साल चावून बघा, तुरट लागली पाहिजे पण जीभ ओढली जाता कामा नये. मला ही चव कळायला तीन हंगाम लागले. तुम्ही रोज सकाळी एकाच ओळीतले पाच मणी खात जा, एका हंगामात कळेल.

तोडणी पहाटे. डोक्याला बॅटरी लावून चार वाजता सुरू करा आणि ऊन चढायच्या आत क्रेट गाडीत गेले पाहिजेत. तापलेला, चेपलेला घड क्रेटमध्येच आंबायला लागतो. क्रेट काठोकाठ भरू नका, वरचा क्रेट खालच्या घडांवर टेकतो.

स्वतःची वाइन करायचं तुमच्या मनात आहे, ते दहा वर्षं लांब ठेवा. बाटलीभर वाइनला किलो-सव्वा किलो द्राक्षं पुरतात म्हणून ते सोपं वाटतं. त्यामागं राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना, थंड ठेवायच्या स्टीलच्या टाक्या आणि शिकलेला वाइनमेकर असतो. पाहुण्यांच्या खोल्या मात्र करा. राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे, त्यात रीतसर नोंदणी करा. आधी एकच खोली बांधा. ती भरायला लागली की दुसरी.

माणसं

बाग आपण करतो असं आपण म्हणतो. ती पेठ-सुरगाण्याहून येणारी माणसं करतात. छाटणीला, विरळणीला, तोडणीला तीच टोळी दर वर्षी आपल्याकडं येते, कारण तुमच्या काकूनं पहिल्या वर्षापासून तीन गोष्टी पाळल्या. ठरलेली मजुरी ठरलेल्या दिवशी, राहायला पक्कं छप्पर आणि नळाचं पाणी, आणि पोरांना दुपारचं गरम जेवण. टोळीतली एक बाई माझ्यापेक्षा चांगली काडी ओळखते. मी तिला विचारतो. तुम्हीही विचारा, डिग्री मध्ये आणू नका.

घरातही कामं वाटून घ्या. फवारणी आणि पाणी एकाकडं, हिशेब आणि वायनरीशी बोलणं दुसऱ्याकडं. सूनबाई, बोलणं तुम्ही करा. तुम्ही ‘लेखी द्या’ हे न संकोचता म्हणता, आमच्या घरात ते कुणाला जमलं नाही. आणि करारावर, बँकेच्या खात्यावर दोघांचं नाव असू द्या. जिचं नाव असतं तिचं मत विचारलं जातं.

आता शेवटचं. २०१० मध्ये एकर तोडल्यावर मी पाच वर्षं वाइनच्या द्राक्षाचं नाव काढलं नाही. मग एका वायनरीनं लेखी करार दिला, आणि मी विहिरीपलीकडं अर्धा एकर शिराज लावलं. तेवढंच. अजून चालू आहे, दर वर्षी दोन टन जातं, पैसे तीस दिवसांत येतात. बांधाकडची पहिली ओळ चाळीस वेलांची आहे. या गोडी छाटणीला ती ओळ तुम्ही दोघांनी छाटायची. मी बांधावर बसेन, विचारलंत तरच बोलेन. डोळे कमी-जास्त ठेवलेत तर फेब्रुवारीत दिसेलच, आणि त्या ओळीचं नुकसान माझ्या वहीत लिहू. तोडणीलाही या, आपण छाटलेल्या वेलाचा घड स्वतःच्या हातानं काढून बघा. त्यानंतर मुरमाड तुकड्यात खड्डे घेऊ.

येताना जुने बूट आणा, सकाळी गवत ओलं असतं. कात्र्या दोन आहेत, दोन्हींना धार लावून ठेवतो.

तुमचे,
काका